हातात सत्ती-दुर्री

गणपतीच्या दुसऱ्या दिवशी दुपारची पंगत उठली आणि पार्सेच्या परबांच्या घरात भांडण उभं राहिलं. भांडण तसं लग्नाचं होतं. पण कृष्णनाथ परब हेडमास्तर म्हणून निवृत्त झालेले. विषय फळ्यावर लिहिल्याशिवाय त्यांना कशालाच सुरुवात करता येत नसे. फळा नव्हता म्हणून त्यांनी गणपतीवर टांगलेल्या माटोळीखाली उभं राहून, सुपाऱ्या-नारळांच्या झुबक्यांत डोकं घालून, विषय तोंडीच जाहीर केला, "नशीब मोठं की कौशल्य?"

विनोदिनी तेव्हा स्वयंपाकघरात खतखत्याचं टोप घासायला काढत होती. नवऱ्याचा आवाज ऐकून तिने ओळखलं, की आज चहाला उशीर होणार.

मूळ कारण होतं प्रज्योत, तिच्या दिराचा, गोपाळचा मुलगा. वय अठ्ठावीस, शिकलेला इंजिनिअर. पाच वर्षं घरात सगळ्यांना तो 'कॉम्प्युटरवर काम करतो' एवढंच ठाऊक होतं आणि ते खोटंही नव्हतं. मग मे महिन्यात म्हापशाच्या कुणा पाहुण्याने घरच्या ग्रुपवर एक फोटो टाकला. व्हिएतनामातल्या कुठल्याशा हॉटेलात प्रज्योत हातात चषक घेऊन उभा होता आणि त्याच्यापुढे रंगीत चकत्यांचे मनोरे होते. शांताने, म्हणजे त्याच्या आईने, तो फोटो अख्ख्या वाड्यावर दाखवला. तिला वाटलं, कॅरम आहे. तो पोकर आहे, पत्त्यांचा खेळ आहे आणि मुलगा पाच वर्षं त्याच्यावरच जगतो आहे, हे कळेपर्यंत अर्धं गाव अभिनंदन करून गेलं होतं.

आणि आता सायली. साखळीच्या सगुण गावसांची मुलगी, गुरांची डॉक्टर. दोघांचं आपसांत ठरलेलं होतं. सगुण गावसांनी नाही म्हटलं नव्हतं. फक्त निरोप धाडला होता, की घरातल्या थोरल्या माणसाने यावं आणि मुलगा काय करतो ते स्वतःच्या तोंडाने सांगावं. थोरलं माणूस म्हणजे कृष्णनाथ.

"मी काय सांगू त्यांना? आमचा मुलगा जुगारी आहे?"

"काका, जुगार वेगळा. ह्यात अभ्यास लागतो. मी रोज चार तास बसतो वही घेऊन."

"मटक्याचे आकडे काढणारेही वही घेऊनच बसतात," कृष्णनाथ म्हणाले. "आणि सरकारनेसुद्धा गेल्या वर्षी काय केलं? ऑनलाईन पैशांचे खेळ बंद! नशिबाचे वेगळे, कौशल्याचे वेगळे असं म्हणत बसले नाहीत. दोन्ही एकाच पोत्यात."

"म्हणून तर विमानाने बाहेर जाऊन खेळावं लागतं."

"आणि ते विमान खंय थांबता?" गोपाळ मधेच म्हणाला. कुठल्याही बोलण्यात विमान आलं, की त्याला कंठ फुटे. मोप्याच्या सड्यावरची, गवतही धड न उगवणारी जमीन त्याने अकरा वर्षं विकायला काढली होती. दोन दलाल कंटाळले, एक तर गावच सोडून गेला. मग तिथे विमानतळ आला आणि गोपाळला दूरदृष्टी आली. हल्ली तो लोकांच्या बारशालाही गुंतवणुकीवर चार शब्द बोलत असे.

"बाबा, तुमची जमीन तरी नशीबच ना?" प्रज्योत म्हणाला.

"नशीब? अकरा वर्षां धरून ठेवली मी ती!"

"तुम्ही विकायला काढली होती."

"विकली काय? नाय ना? मग!"

गोपाळचा जावई विशाल, गौरवीचा नवरा, डिचोलीहून सणाला आला होता. खाणी चालू होत्या तेव्हा त्याचे चार ट्रक होते आणि त्याचं डोकं धंद्यात कसं चालतं हे तो सगळ्यांना सांगे. खाणी बंद पडल्या, ट्रक अंगणात रुतले, तेव्हापासून तो डोक्याचं नाव काढत नसे. "नशीबच सगळं," तो जनेलाच्या गजांना टेकून म्हणाला. "माझं बघा."

कृष्णनाथांनी दोघांकडे दुर्लक्ष केलं. त्यांचा उपाय तयार होता. एका सरकारी खात्यात एलडीसीच्या, म्हणजे कारकुनाच्या, दोन जागा निघाल्या होत्या. कृष्णनाथांचा एक जुना विद्यार्थी योग्य जागी बसलेला होता.

"काका, दोन जागांना सहाशे अर्ज असणार. मला कशी मिळेल?"

"गुणवत्तेवर."

"परीक्षा अजून झालीच नाही."

"म्हणून काय झालं? मी त्याच्याशी बोललो आहे."

स्वयंपाकघरात विनोदिनीला हसू आलं आणि तिने ते टोपात सोडलं.

पुढे काय झालं ते गौरवीमुळे झालं. ती म्हणाली, "इतकं बोलण्यापेक्षा खेळून बघा की. चवथीला पत्ते तर आपण खेळतोच. प्रज्योत सगळ्यांना हरवून दाखवू दे."

कृष्णनाथांना ही सूचना एकदम आवडली. परीक्षा म्हटली की त्यांना हुरूप येई. अटी त्यांनीच घातल्या. प्रज्योत जिंकला, तर कौशल्य मोठं. कृष्णनाथ स्वतः साखळीला जातील आणि सांगतील. हरला, तर नशीब मोठं, आणि प्रज्योतने मुकाट अर्ज भरायचा.

"एका दुपारीत काहीच सिद्ध होत नाही, काका," प्रज्योत काकुळतीला आला. "आज मी हरूही शकतो. चांगला खेळणारा पुढे निघतो तो दहा हजार डावांनंतर."

"दहा हजार डाव कोण खेळणार? पाचव्या दिवशी गणपती जातो."

बाकीच्यांनी माना हलवल्या. हा मुद्दा सगळ्यांनाच पटला.

"आणि एक," कृष्णनाथ म्हणाले, "खेळात असं एक माणूस हवं, ज्याला काहीएक कळत नाही. म्हणजे नशिबाची बाजू कोणीतरी धरली पाहिजे." त्यांनी चारी बाजूंना पाहिलं आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली, "अगो, हात धुऊन बाहेर ये जरा!"

विनोदिनीने हात पुसले. अडतीस वर्षांपूर्वी बांद्याहून ह्या घरात आल्यापासून तिला बऱ्याच कामांसाठी हाका आल्या होत्या. काही कळत नाही म्हणून बोलावणं मात्र पहिल्यांदाच आलं.

मेज ओढलं गेलं, आणि दोघे भाऊ, विशाल, प्रज्योत आणि विनोदिनी भोवती कदेलं मांडून बसले. चकत्यांच्या जागी उन्हाळ्यात भाजायला म्हणून राखलेल्या काजूच्या बिया आल्या, प्रत्येकाला पन्नास. गौरवी पत्ते वाटणार होती, म्हणजे तिला कुणाची बाजू घ्यावी लागणार नव्हती. प्रज्योतने काकीला नियम समजावले. प्रत्येकाला दोन पानं, ती लपवायची. मधे पाच पानं, ती सगळ्यांची. त्यातून ज्याची पाच चांगली जुळतील तो जिंकला. दर पानाला बिया लावायच्या. नको वाटलं तर हातातली पानं टाकून द्यायची.

"आणि काकी, हातात काही नसलं तरी असल्यासारखं दाखवून बिया लावता येतात. समोरचा घाबरला आणि त्याने पानं टाकली, की डाव आपला. आपली पानं दाखवावी लागत नाहीत."

"एवढंच?" विनोदिनी म्हणाली.

पहिला अर्धा तास ती खेळलीच नाही. पानं उचलायची, बघायची, टाकायची. कृष्णनाथ दर वेळी गौरवीकडे बघून हसत, 'बघ, कळतच नाही' अशा अर्थाचं. विनोदिनी पानांकडे फारसं बघत नव्हती. ती माणसांकडे बघत होती, आणि ती माणसं तिला पाठ होती.

विशालला चांगली पानं आली, की तो सुस्कारा सोडी. "फुटकं नशीब," तो म्हणे आणि दहा बिया लावी. सासरी जेवायला बसल्यावरही मासळीचा मोठा तुकडा पानात पडला, की तो असाच सुस्कारा सोडतो, हे तिने सात वर्षं बघितलं होतं. त्याला दुसऱ्याच्या तोंडून 'नाही रे, छान आहे' असं ऐकायचं असे. तो सुस्कारला, की विनोदिनी पानं टाकू लागली. तो गप्प बसला, की ती बिया लावू लागली. चारच्या सुमारास विशालच्या बिया संपल्या. "म्हटलं नव्हतं?" तो म्हणाला आणि समाधानाने कदेल मागे ढकलून नेवरी खायला गेला.

गोपाळ त्याहून सोपा. हातात भारी पानं असली, की तो उदार होई. "घे रे, चकली घे," असं म्हणत ताट फिरवी. हातात काही नसलं, की विमानतळाबद्दल बोले. एका डावात त्याने धावपट्टीची लांबी सांगायला घेतली. विनोदिनीने तीस बिया सरकवल्या. गोपाळने धावपट्टी अर्ध्यावर सोडली आणि पानं टाकली. पुढच्याच डावात तो चिडून सगळ्या बिया घेऊन उतरला, तेव्हा प्रज्योतने शांतपणे त्याला संपवलं.

"वैनी, तुमका बरी लागता पानां," गोपाळ म्हणाला.

"लागतात खरी," ती म्हणाली.

शांता चहा घेऊन आली ती परत गेलीच नाही. गॅसवर काय आहे हे ती विसरली आणि मुलाच्या मागे उभी राहिली. दोन डावांमधे विनोदिनी आत जाऊन पाणी पिऊन आली.

राहिले तिघे. आणि आता विनोदिनीसमोर तिचा नवरा होता. कृष्णनाथांना खात्री असली, की ते घरच्या भाषेत बोलत. "घाल गो बियो, बघूया," असं. खात्री नसली, की ते एकदम शुद्ध होत. अडतीस वर्षांत हा नियम एकदाही चुकला नव्हता. पेन्शनचा कागद हरवला तेव्हा ते म्हणाले होते, 'सदर कागदपत्र योग्य ठिकाणी जतन केलेले आहे.' ते तीन महिने सापडलं नाही.

मधे चार पानं उघडी पडली होती. कृष्णनाथांनी आपली पानं पुन्हा एकदा उचलून पाहिली, मिशीवरून हात फिरवला आणि आपल्या सगळ्या बिया पुढे लोटल्या.

"माझ्या मते," ते म्हणाले, "ही परिस्थिती मला पूर्णतः अनुकूल आहे."

प्रज्योतने पानं टाकली. विनोदिनीकडे सहाची जोडी होती, त्यापलीकडे काही नाही. तिने बिया मोजल्याही नाहीत, हाताने ढकलल्या. कृष्णनाथांनी पानं उलटी केली. त्यांच्याकडे कशाचीच जोडी नव्हती. पाचवं पानही काही देऊन गेलं नाही.

"बघितलंत?" हेडमास्तर उठून उभे राहिले. हरल्याचं दुःख त्यांच्या चेहऱ्यावर मावत होतं, कारण त्याच्यापेक्षा मोठा आनंद तिथे आधीच बसला होता. "हिला काही कळत नाही! तरी जिंकते आहे! आणखी काय पुरावा पाहिजे?"

विनोदिनीने बिया पुढ्यात ओढून घेतल्या. एरवी ती असल्या बोलण्यावर आत निघून गेली असती. तिच्या हातून ह्या घरात जे जे नीट झालं त्याला 'तुझं नशीब चांगलं' हेच म्हटलं गेलं होतं. तिला त्याची सवय होती. आज पहिल्यांदा तिला ते खुपलं, कारण आज ते कसं झालं हे तिला आत्ताच, ह्या मेजावर, डोळ्यांनी दिसलं होतं.

आता प्रज्योत.

तिला कोड्यात पाडणारा तो एकटाच होता. ते पोर तिच्याच मांडीवर वाढलेलं. लहानपणी खोटं बोलताना तो फार सभ्य होई, हे तिला ठाऊक होतं. पण मेजावर तो सगळाच वेळ सभ्य होता. त्याचा चेहरा एखाद्या बंद दुकानासारखा. हे तो कुठेतरी बसून शिकला असणार, वर्षानुवर्षं, आणि घरात कुणाला पत्ता नाही. तिला त्याचं कौतुक वाटलं आणि जरा वाईटही वाटलं.

तिला तो जिंकायला हवा होता. त्याने साखळीला जावं, लग्न करावं, हे तिच्याइतकं कुणालाच वाटत नव्हतं. मुद्दाम हरावं, हा विचार तिच्या मनात आला. मग तिने नवऱ्याकडे बघितलं. ते दारात उभे राहून वाटेवरच्या शेजाऱ्याला मोठ्याने सांगत होते, "आमची ही! अगदी अडाणी, पत्त्यातलं काही कळत नाही! ये, ये, बघ!" तिने तो विचार सोडून दिला.

पुढच्या डावात तिला चौकट सत्ती आणि किलवर दुर्री आली. प्रज्योतने नियम सांगताना ह्याच दोन पानांचं नाव घेऊन म्हटलं होतं, की ह्याहून वाईट हात नाही. प्रज्योतने वीस बिया लावल्या. तिने तेवढ्याच घातल्या. मधे तीन पानं आली : एक्का, नव्वी, चौकी. प्रज्योतने आणखी तीस लावल्या. तिने त्याही घातल्या. चौथं पान आलं, गुलाम. प्रज्योत थांबला.

तो आता तिला वाचत होता. तिला ते जाणवलं. पाच वर्षं तो परक्या माणसांचे चेहरे वाचून जगत होता, आणि आता तो काकीचा चेहरा वाचत होता. काकीला काळजी नसली, की तिचं लक्ष कुठे जातं? घरात.

विनोदिनीने पानं मेजावर पालथी ठेवली आणि मान वळवली. "शांता, गॅस बारीक केलास काय गो? वालीची भाजी लागेल." मग, बोलता बोलता, जणू मेज पुसावं तशा, तिने आपल्या सगळ्या बिया मधे सारल्या.

प्रज्योतने एक्क्याकडे बघितलं, काकीकडे बघितलं. ती भाजी लागल्याचा वास येतो का बघत होती.

"तुमच्याकडे एक्का आहे," तो शेवटी म्हणाला आणि त्याने पानं टाकली.

त्याच्याकडे आता जेमतेम वीस बिया उरल्या. दोन डावांनंतर त्याने त्या सगळ्या लावल्या. विनोदिनीकडे अठ्ठी आणि नव्वी होती, बियांचे ढीग होते, तिने घातल्या. दोघांनी पानं उघडी केली. प्रज्योतकडे दोन एक्के. शांताने देवाकडे हात जोडले. मधे आली दश्शी, तिर्री, गुलाम. मग दुर्री. शेवटचं पान गौरवीने सावकाश उलटं केलं. सत्ती.

सत्ती, अठ्ठी, नव्वी, दश्शी, गुलाम. ओळीने पाच.

"शेवटचं पान!" कृष्णनाथ ओरडले. "शेवटच्या पानावर! नशीब! निव्वळ नशीब!" त्यांनी प्रज्योतच्या पाठीवर थाप मारली. "अर्ज सोमवारपर्यंत भरायचा आहे, बाळा."

"खरं आहे," विनोदिनी म्हणाली. "हे शेवटचं नशीबच."

"बघ!"

"पण त्याच्या आधीचं नाही."

तिने आवाज चढवला नव्हता, पण ती कदेलवरून उठली नाही, हेच इतकं नवीन होतं, की सगळे थांबले. "प्रज्योत, तुझ्याकडे काय होतं रे, मघाशी एक्क्याला भिऊन पानं टाकलीस तेव्हा?"

"दोन राजे."

"माझ्याकडे सत्ती आणि दुर्री."

प्रज्योतने स्वयंपाकघराकडे बघितलं. मग तो हळूच म्हणाला, "आणि गॅस?"

"गॅस मी मघाशीच बंद करून आले होते."

मग तिने एकेकाचं सांगितलं. विशालचा सुस्कारा, गोपाळची चकली आणि धावपट्टी. विशाल हसला. गोपाळला हसावं की रागवावं कळेना. कृष्णनाथांचं शुद्ध मराठी तिने शेवटी सांगितलं, आणि शांता पदर तोंडाला लावून भिंतीकडे वळली.

"हे काहीतरीच," कृष्णनाथ म्हणाले. "सदर निरीक्षणास कसलाही आधार नाही."

ह्यावर गौरवीलाही हसू आवरलं नाही. बोलून गेलेलं परत घेता येईना, तसे हेडमास्तर लाल झाले. "म्हणजे तू आम्हाला फसवलंस! देवासमोर!"

"फसवलं," विनोदिनी म्हणाली. "पहिल्यांदा नाही. वाटणीच्या वेळी तुम्ही दोघे भाऊ आठ महिने बोलत नव्हता. मी येऊन तुम्हाला सांगितलं, भावजी रडले, माफी मागतात. आठवतं?"

"आठवतं."

गोपाळ पुढे आला. "मी खंय रडललंय?"

"नव्हतात."

"पण मग... दादानं निरोप धाडललो ना? चूक माझी, म्हणून?"

"त्यांनीही नव्हता."

दोन्ही भावांनी एकमेकांकडे बघितलं. पंधरा वर्षं दोघेही, समोरचा आधी नमला ह्या समाधानावर, एका चुलीवर जेवत होते. मागच्या अंगणात भिंत घालायचे चिरे तेव्हा येऊन पडले होते आणि पुढे त्याच चिऱ्यांवर कपडे धुतले जात होते. मग दोघांनाही एकदम सुचलं, की रागवायला तिसरं माणूस समोर आहे.

"हे बरोबर नाय हां, वैनी," गोपाळ म्हणाला.

"अजिबात बरोबर नाही," कृष्णनाथ म्हणाले. इतक्या वर्षांत दोघांचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं.

"नसेल," विनोदिनी म्हणाली. "आता घालायची असेल भिंत तर घाला. चिरे आहेत." ती थांबली. "मी जिंकले. अट तुमचीच होती, की नशीब जिंकलं तर तुमचं, कौशल्य जिंकलं तर ह्याचं. माझं काय होतं ते ठरवा. ते ठरेपर्यंत मी साखळीला जाऊन येते."

कृष्णनाथांनी भावाकडे बघितलं, गोपाळने चकल्यांच्या ताटाकडे. शांता मात्र पुढे झाली आणि जावेच्या शेजारच्या रिकाम्या कदेलवर बसली. "वैनी जायत," ती म्हणाली. "माका चलता."

पाचव्या दिवशी गणपती पोचवून झाले आणि त्याच्या पुढच्या रविवारी विनोदिनी साखळीला निघाली. गाडी प्रज्योतने चालवली. कृष्णनाथही आले. घरातली थोरली व्यक्ती म्हणून येणं त्यांचं कर्तव्य होतं, पण बोलणार नाही, असं त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. डिचोली सोडेपर्यंत ते बोलले नाहीत. हा त्यांच्या आयुष्यातला विक्रम होता.

सगुण गावस खाणीवर सर्व्हेअर होते. खाण बंद पडली तेव्हा त्यांना पन्नाशी लागली होती. आता ते गावच्या बाजारात चुलतभावाच्या दुकानात बसत. माणूस उंच, मितभाषी. त्यांनी पाहुण्यांना पुढच्या खोलीत बसवलं. सायली दाराशी उभी राहिली. आत जाऊन चहाचं बघ, असं आई सुलोचनाने दोनदा खुणावलं, तरी ती हलली नाही.

"मुलगा काय करतो?" सगुण गावसांनी विचारलं. प्रश्न कृष्णनाथांना होता.

कृष्णनाथांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं.

"पत्ते खेळतो," विनोदिनी म्हणाली.

सगुण गावस पुढे झुकले.

"पैसे लावून?"

"पैसे लावून. परदेशात जाऊन. त्याच्यावरच जगतो, गेली पाच वर्षं. व्यसन नाही, दारू नाही. पण तो ऑफिसात जातो असं मी सांगणार नाही."

"जिंकतो?"

"जिंकतो त्यापेक्षा जास्त वेळा हरतो," प्रज्योत स्वतःच म्हणाला. "स्पर्धांचं तसंच असतं. वर्षाचं मिळून पुढे असतो, आतापर्यंत. पुढचं वर्ष तसंच जाईल असं सांगता येत नाही."

कृष्णनाथांनी डोळे मिटले. एवढं खरं कुणी मागणी घालायला जाऊन बोलतं का, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

"मग हरला की काय करतो?" सगुण गावसांनी आता विनोदिनीलाच विचारलं. "मला तेवढंच कळलं पाहिजे. जिंकलेल्या माणसाबरोबर कुणीही राहील."

विनोदिनीला ह्याचं उत्तर तयार करून आणावं लागलं नाही. "मार्चमध्ये श्रीलंकेहून आला," ती म्हणाली. "तेव्हा आम्हाला काही ठाऊकच नव्हतं. नंतर हिशोब लावला, तेव्हा कळलं, की त्या दिवशी तो सगळं हरून आला होता. अंघोळ केली, जेवायला बसला, माशाचं हुमण परत मागून घेतलं. माझ्या गुडघ्याचं विचारलं. मग झोपला. आमच्या घरात हरल्यावर जेवलेला पुरुष मी दुसरा बघितला नाही."

दाराशी सायलीने मान खाली घातली. सुलोचना आपल्या नवऱ्याकडे बघत होती.

"खाण बंद झाली," ती म्हणाली, कुणाला असं नाही, "तेव्हा हे दोन वर्षं पानावर बसायचे आणि भात चिवडून उठायचे. मी वाढायची, मी काढायची. बोलायचे नाहीत. सायली बारावीला होती."

"सुलोचना," सगुण गावस म्हणाले.

"खोटं सांगते मी?"

बाहेर साखळीच्या बाजारातली कदंबची बस हॉर्न देत गेली. मग सगुण गावस प्रज्योतकडे वळले. मघापासूनची चौकशी त्यांच्या आवाजातून गेली होती. इतक्या वर्षांत विचारायला कुणी मिळालं नव्हतं, अशा तऱ्हेने त्यांनी विचारलं,

"जेवण जातं कसं रे?"

"पहिली दोन वर्षं नव्हतं जात, काका," प्रज्योत म्हणाला. "शिकावं लागलं."

सगुण गावसांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि बायकोला म्हणाले,

"सुलोचना, पानं मांड."